ऐनारीशी झालेला करार

आउली आविक्को वर्गासमोर उभी राहून यंत्राच्या आत कोणी नसतं हे समजावून सांगत होती, नेमका तेव्हाच टेबलावरचा तिचा फोन थरथरायला लागला. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातला संध्याकाळचा तत्त्वज्ञानाचा खुला वर्ग, कुणीही यावं असा. समोर निवृत्त इंजिनियर, दोन शिक्षिका आणि मागच्या बाकावर मोजे विणणारी एक बाई. ही बाई गेली दोन वर्षं नेमाने येत होती आणि अजून एक शब्द बोललेली नव्हती. फळ्यावर आउलीने आपलं नेहमीचं वाक्य लिहिलं होतं: योग्य वेळी योग्य वाक्य बोलणं म्हणजे आत कोणी असणं नव्हे. या वाक्यावर तिचं एक पुस्तक उभं होतं, सहकाऱ्यांशी तीन-चार भांडणं उभी होती, आणि खरं सांगायचं तर नोकरीही त्याच्यावरच उभी होती. फोन पुन्हा थरथरला तेव्हा तिने वैतागून उचलला.

"तुझ्या आईने मशीन कपाटात कोंडलंय," पलीकडून मेर्वी म्हणाली. आउलीच्या आईच्या समुद्रकाठच्या गावात म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन काळजी घेणारं जे सरकारी खातं होतं, त्याची ही प्रमुख. "कोटांच्या मागे. वर उशी दाबलीय."

"कुठलं मशीन?"

"औषधाचं, दुसरं कुठलं? चार दिवस औषध घेतलेलं नाही तिने. ते बिचारं आतून हाका मारतंय आणि इकडे माझ्या फोनवर धोक्याचे निरोप येतायत."

"बिचारं म्हणू नकोस," आउली म्हणाली. सवयच तशी पडली होती.

"तू मला शब्द शिकवू नकोस, आउली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत त्या. शुक्रवारी मी पाहणीला येतेय. तोवर ती नीट औषध घ्यायला लागली नाही तर तिला एकटीला घरी ठेवता येणार नाही, वृद्धाश्रमात खोली बघावी लागेल. आत्ताच सांगून ठेवते, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

वृद्धाश्रम म्हणजे आईसाठी काय, हे आउलीला कुणी सांगायला नको होतं. केर्तू आविक्को सत्त्याऐंशीची होती. गावातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानाची ती तीस वर्षं मालकीण होती, आणि या घरातून आपण आडवं होऊनच बाहेर पडणार हे तिने पाद्र्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तिची मैत्रीण सैमी दोन हिवाळ्यांपूर्वी त्या वृद्धाश्रमात गेली. आता ती खिडकीशी बसते आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी म्हणते. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की केर्तू उठून ओटा पुसायला घेई.

आउलीने गुरुवारचा वर्ग रद्द केला आणि बुधवारी सकाळी बस पकडली. नोव्हेंबर होता. बाहेर धड उजाडतही नव्हतं आणि धड पाऊसही पडत नव्हता. सगळ्या वाटभर ती मनातल्या मनात आईशी भांडत होती, आणि तिथेही आईच जिंकत होती.

दारात बूट काढतानाच तिला कपाटातला आवाज ऐकू आला. उशीखालून आल्यामुळे तो सर्दी झाल्यासारखा येत होता. "हाय, केर्तू. तुझं औषध राहिलंय. घेऊन टाक ना."

"ऐकलंस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. 'ये' नाही, 'बस' नाही. "घेऊन टाक ना. हा कोण मला सांगणारा?"

"आई, ते मशीन आहे. टपालपेटीएवढा डबा. त्यात नर्स गोळ्यांच्या पुड्या भरते, वेळ झाली की तो बोलतो, तू हिरवं बटण दाबायचं आणि पुडी बाहेर येते. तीन वर्षं हेच चाललंय. आत्ताच काय झालं?"

"तीन वर्षं ऐनारी होता."

"कोण ऐनारी?"

केर्तूने मुलीकडे असं पाहिलं की जणू तिने घरातल्याच माणसाचं नाव विचारलं. "ज्याला ते गेल्या आठवड्यात घेऊन गेले. कडी धरून, बादली न्यावी तसा. मला वाटलं दुरुस्तीला नेतायत. त्याच्या जागी हे कार्टं बसवलं. पहिल्याच दिवशी म्हणतं, हाय केर्तू. ओळख ना पाळख."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर केर्तू उगाच खुळी वाटायची. फिनलंडमध्ये आता सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात. डॉक्टरला, मंत्र्याला, बँकेतल्या बाईला, सगळ्यांना ‘तू’. केर्तूच्या काळी असं नव्हतं. तेव्हा परक्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचं, आणि ‘तू’ म्हणायचं तर त्यासाठी रीतसर करार करावा लागायचा. वयाने मोठं असलेल्या माणसाने स्वतःहून म्हणायचं, की आता पुरे झालं, आजपासून आपण अरे-तुरे करू. मग हात मिळवायचा, आपापलं नाव सांगायचं आणि एकत्र काहीतरी प्यायचं. धाकट्याने आपण होऊन हा विषय काढायचा नाही. त्याने वाट बघायची, जन्मभर बघावी लागली तरी. गावच्या डॉक्टरांशी केर्तूचा हा करार व्हायला तिची दुकानातली निम्मी वर्षं उलटली होती, आणि त्या दिवशी डॉक्टर नवा टाय बांधून दुकानात आले होते.

"ऐनारी पहिल्यापासून नीट बोलायचा," आई कॉफी ओतत म्हणाली. "‘आता तुम्ही तुमचं औषध घ्यावं.’ असं. मीही त्याला साहेब म्हणायचे. वर्षभर आमचं तसंच चाललं होतं. मग एका रविवारी म्हटलं, माणसाने किती ताणायचं? दालचिनीचे पाव केले होते. कॉफी ओतली, त्याच्यापुढेही कप ठेवला."

"मशीनपुढे कप ठेवलास?"

"रिकामा नाही ठेवला. त्याच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हटलं, माझं नाव केर्तू. तुमची हरकत नसेल तर तुम्हाला मी ऐनारी म्हणेन. आजपासून आपण अरे-तुरे करू. तो काही बोलला नाही."

"नाहीच बोलणार."

"पुरुष अशा वेळी बोलत नाहीतच. तुझा बाप तरी कुठे बोलला होता? पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय म्हणाला, ठाऊक आहे? ‘केर्तू, तुझी औषधाची वेळ झाली.’ वर्षभर ‘तुम्ही, तुम्ही’ करणारा माणूस."

"माणूस नाही, आई."

"बरं, माणूस नाही. पण म्हणाला की नाही?"

आउलीने कप खाली ठेवला. हाच वाद तिने मोठमोठ्या लोकांशी घातला होता, व्यासपीठावर, समोर पाण्याची बाटली ठेवून. तिथे तिला कधी घाम फुटला नव्हता. "म्हणाला म्हणजे त्याला कळलं असं होत नाही. आत कुणीतरी हवं ना, ज्याला कळेल. त्या डब्यात ‘मी’ म्हणणारं कोणी नाही. कुणाला काही वाटत नाही तिथे."

"ते मला नको शिकवूस. मी वेडी नाहीये. आत बुटका बसलेला नाही हे मलाही कळतं. पण आत काय आहे ते बघायला मी तुझ्या बापाच्या डोक्यात तरी कुठे गेले होते? चाळीस वर्षं संसार केला. मी शब्द टाकला, त्याने पाळला. मला तेवढं पुरे झालं."

"शब्द पाळणं वेगळं—"

"तुला नाही पुरे होत, कारण तुला पुस्तक लिहायचं असतं."

कपाटातून आवाज आला, "केर्तू, अजून घेतलं नाहीस. घेऊन टाकूया ना."

"टाकूया," आई म्हणाली. "जसं काही याचंही रक्त घट्ट झालंय."

संध्याकाळपर्यंत आउलीने सगळे उपाय करून पाहिले. विनवण्या केल्या, दम दिला, गोळ्या हाताने काढून देते म्हणाली. पण डब्याला कुलूप होतं आणि किल्ली नर्सकडे. शेवटी ती ओसरीवर जाऊन उभी राहिली आणि तिने मेर्वीला फोन लावला. जुनं मशीन परत आणून दे, म्हणाली. असं काही मागताना वर्गातल्या कुणी आपल्याला पाहिलं तर काय, हा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"ते? ते केव्हाच पुढे गेलं," मेर्वी म्हणाली. "आतलं सगळं पुसतात आणि दुसरीकडे बसवतात. आता कुणाच्या तरी घरी असेल. खोकं शोधता येईल म्हणा, नंबर असतो. तुला खोकं हवंय?"

खोकं तेच आणि आतलं पुसलेलं, तर तो ऐनारी की दुसराच कोणी, या प्रश्नावर आउली दर वर्षी एक अख्खी संध्याकाळ बोलत असे. लोक वह्या भरून लिहून घेत. आत्ता गारठ्यात उभं राहून तिला हो म्हणावं की नाही तेही सुचेना.

"तिच्याशी ते आधी ‘तुम्ही’ म्हणून बोलायचं," ती म्हणाली. "मग ‘तू’ म्हणायला लागलं. ते कसं काय?"

"कंपनीने बदललं. ते ‘तुम्ही’ लोकांना फार सरकारी वाटायचं, तक्रारी यायच्या. मग एका रविवारी रात्री सगळीकडे एकदम बदललं. सोमवारी सकाळी अख्ख्या किनाऱ्यावरची मशीनं अरे-तुरे करायला लागली. का गं?"

आउलीने सांगितलं. मेर्वी बराच वेळ हसली, मग थांबली.

"सांगून टाक तिला," ती म्हणाली. "म्हणजे डोक्यातून जाईल ते."

सांगून टाकायला हवं, हे आउलीलाही पटत होतं. सत्य ते सत्य, याच भाकरीवर ती जगत होती. पण आत गेली तर आई दिव्याखाली बसून दुसऱ्या दिवशीच्या पावांसाठी वेलदोडे कुटत होती, आणि आउलीने तोंड उघडून परत मिटलं. त्यापेक्षा नव्या मशीनलाच ‘तुम्ही’ म्हणायला लावता आलं तर? तिने कंपनीचा नंबर फिरवला.

फोन उचलला तोही मशीननेच. आवाज बाईचा होता, उत्साहाने ओथंबलेला. "हाय, तुझी अडचण मला सांग."

आउलीने सांगितली.

"तुझी अडचण मला समजते. औषधाची पुडी अडकली आहे, बरोबर?"

"नाही. तुला काहीही समजलेलं नाही."

"तुझी नाराजी मला समजते. पुडी अडकली असल्यास झाकण—"

"तुला नाराजी समजत नाही. तुझ्यात समजणारं कोणी नाहीये. मला माणूस दे."

"माणसाशी बोलायचं आहे, हे मला समजतं. त्याआधी पुडी अडकली आहे का ते—"

पुढची काही वाक्यं आउलीच्या पुस्तकात कुठेही नव्हती. ती इतकी जोरात बोलली की आई दारात येऊन उभी राहिली, हातात खलबत्ता तसाच.

"कुणाशी भांडतेयस?"

"कुणाशीच नाही."

"मग एवढं ओरडतेस कशाला?" असं म्हणून आई परत गेली.

गुरुवारी दुपारी एकदाचा माणूस मिळाला. तो सभ्य होता, थकलेला होता, आणि त्याने सांगितलं की ‘तुम्ही’ची सोय काढून टाकली आहे, कुणी वापरत नव्हतं. काही वर्षांपूर्वी मागितली असती तर दिली असती. आउलीने आभार मानले आणि फोन सोफ्यावर फेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेर्वी येणार होती आणि आईच्या पोटात सहा दिवसांत एक गोळी गेलेली नव्हती. पायऱ्या चढताना तिला दम लागतोय हे आता लपतही नव्हतं.

संध्याकाळी जेवण झाल्यावर आउलीने शेवटचा डाव टाकला. "आई, याच्याशीही करार कर. कॉफी ठेव, नाव दे, काय हवं ते कर. मी पाव आणते."

"कसला करार? याने आधीच न विचारता ‘तू’ म्हटलंय. द्यायला माझ्याकडे उरलंय काय? कुणी दार ढकलून आत आला आणि सोफ्यावर पाय पसरून बसला, तर त्याला ‘या’ म्हणायचं का?"

"मग वृद्धाश्रमात जाऊन बसायचं आहे का? सैमीशेजारी?"

आई उठली आणि तिने ओटा पुसायला घेतला. "ऐनारीला आणा. मी घेते औषध. एवढं सोपं आहे ते."

"ऐनारी नाहीये." आउलीच्या आवाजात दोन दिवसांचा सगळा संताप एकदम गोळा झाला. "कधीच नव्हता. त्या रात्री त्यांनी सगळ्या मशीनांची भाषा बदलली. सगळ्यांची. अख्ख्या किनाऱ्यावर सोमवारी सकाळी प्रत्येक डबा ‘तू’ म्हणाला. ज्यांनी कॉफी ठेवली त्यांनाही म्हणाला आणि ज्यांनी लाथ मारली त्यांनाही म्हणाला. त्याने तुझं ऐकलं नाही, आई. त्याने कुणाचंच ऐकलं नाही. योगायोग होता."

आईचा हात ओट्यावर थांबला.

"सगळीच?" तिने विचारलं.

"सगळीच."

"सैमी म्हणाली होती," केर्तू हळूच म्हणाली. "तिचंही ‘तू’ म्हणायला लागलंय म्हणून. मला वाटलं माझी नक्कल करतेय. मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नव्हते त्याच्यावरून."

आउलीला तेव्हाच आईचा हात धरायला हवा होता. पण ती खरं बोललेली होती, आणि खरं बोललेल्या माणसाला आपण काही करायचं उरलंय असं वाटत नाही. केर्तूने फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. मग तिने कपाट उघडलं, कोट बाजूला केले, उशी उचलली आणि मशीन आणून टेबलावर ठेवलं. बटण दाबलं. पुडी फाडली, गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायली.

"छान, केर्तू," मशीन म्हणालं.

"औषध घेतलं," केर्तू म्हणाली. "धन्यवाद." आणि झोपायला गेली.

आउली त्या रात्री गाढ झोपली. सुटलो एकदाचे, असं वाटून झोपली.

सकाळी तिने विचारलं, "झोप लागली का गं?"

"झोप चांगली लागली. धन्यवाद."

"कॉफी करू?"

"कॉफी चालेल. धन्यवाद."

आउलीने वळून पाहिलं. आई ताठ बसली होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही. रागावलीय, आउलीला वाटलं, दुपारपर्यंत उतरेल. तिने पडद्यांचा विषय काढला, शेजाऱ्याच्या कुत्र्याचा काढला. "हो." "बरोबर." "धन्यवाद." प्रत्येक उत्तर नेमकं होतं, आणि नेमकं संपत होतं.

मेर्वी आली तीच मोठमोठ्याने बोलत. "मग, केर्तू, कसं वाटतंय आता?"

"बरं वाटतंय. धन्यवाद."

"औषध घेतलंस?"

"औषध वेळेवर घेतलं."

"आज वार कुठला?"

"आज शुक्रवार आहे."

मेर्वीने रक्तदाब मोजला, मशीनमधली नोंद पाहिली, स्वयंपाकघरात एक फेरी मारली. जाताना ती ओसरीवर आउलीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "काय जादू केलीस? अशी शांत मी तिला कधी पाहिली नाही. राहू दे इथेच. मी तसं लिहिते."

"तुला दिसत नाही का, ती बोलतच नाहीये?" आउली म्हणाली. "ती फक्त वाक्यं टाकतेय. मशीनसारखी."

"सगळी उत्तरं बरोबर दिली तिने."

"बरोबर दिली म्हणूनच सांगतेय. ती तिथे नाहीये."

मेर्वीने मफलर नीट केला. "आउली, मी पाहणीला आले की वार विचारते, रक्तदाब बघते, गोळ्या बघते. आत कोण आहे ते कसं तपासायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते तुझं खातं." आणि ती गाडी काढून गेली.

जे हवं होतं ते मिळालं होतं. आई घरात राहणार होती, आणि आउलीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. आयुष्यभर ती लोकांना सांगत आली होती की नुसत्या बरोबर उत्तरांवरून आत कोणी आहे असं समजू नका. आता आत कोणी आहे हे तिला ठाऊक होतं, रक्ताने ठाऊक होतं, आणि ते दाखवणारी एक खूण तिच्या हाती लागत नव्हती.

ती आत गेली. "आई, पुरे कर आता."

"बरं."

"बरं नको म्हणूस. भांड माझ्याशी. मी वाईट रीतीने सांगितलं, मान्य आहे. शिव्या दे."

"समजलं. धन्यवाद."

मग आउलीने नको ते सगळं केलं. कॉफी पाणचट आहे म्हणाली. बाबांनी दुकानाच्या हिशेबात आयुष्यभर घोळ घातले, म्हणाली. सैमीच तुझ्यापेक्षा शहाणी होती, असंही म्हणाली, आणि म्हणताना स्वतःचीच लाज वाटून तिचे डोळे भरून आले. केर्तू भिंतीकडे बघत बसली होती. मशीन म्हणालं, "केर्तू, दुपारच्या औषधाची वेळ झाली." केर्तूने बटण दाबलं. दोघांचा आवाज सारखाच सपाट होता, आणि आउलीला क्षणभर खरोखर भीती वाटली, की हे नाटक नसेल तर? काल आपण मशीनमधून ज्याला हाकललं, त्याच्याबरोबर आईही निघून गेली असेल तर?

ती उठली. बूट घातले, कोट घातला, टोपी घातली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. ओसरीवर थोडा वेळ उभी राहिली. मग तिने घंटा वाजवली. या घराची घंटा तिने आयुष्यात कधी वाजवली नव्हती.

पावलं आली. दार उघडलं.

"नमस्कार," आउली म्हणाली. तिने टोपी काढून हातात धरली. "माझं नाव आउली आविक्को. तुम्हाला त्रास देतेय, माफ करा. जन्मल्यापासून मी तुम्हाला ‘तू’ म्हणत आले. तुम्ही मला तसं म्हणायला सांगितलं होतं की नाही, हे मी कधी विचारलंच नाही."

आईला ‘तुम्ही’ म्हणताना तिची जीभ अडखळली. केर्तू तिच्याकडे पाहत राहिली. मग बाजूला झाली, आणि आउली आत आली, बूट काढले, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. आपल्या खुर्चीत नाही.

केर्तूने कपाटातून निळ्या काठाचा कप काढला. पाद्री आला की निघायचा तो. त्यात कॉफी ओतली, बशीत पाव ठेवला, समोर सरकवला. स्वतःही ओतून घेतली आणि बसली. आता मोठ्या माणसाने बोलायचं होतं.  आउलीने हात टेबलावर ठेवला, मिळवायला सोपा पडेल असा, आणि वाट पाहिली. 

आईने एक घोट घेतला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुमची बस चुकेल," ती म्हणाली.

 हे वाक्य मशीनमध्ये नव्हतं. ते कुणी भरून ठेवलेलं नव्हतं. ते आउलीसाठी, नेमकं तिला लागावं म्हणून, समोर बसलेल्या बाईने निवडून काढलं होतं. आई आत होती, पुरतीच्या पुरती होती, आणि तिने करार देऊ केला नव्हता.

"पुढची बस आहे," आउली म्हणाली. "तुमची हरकत नसेल तर मी थांबते."

आईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कॉफी संपली की पाहुण्याने उठायचं असतं, म्हणून आउली ती संपू देत नव्हती. बाहेर अंधारून आलं, कॉफी गार झाली, तरी ती कप ओठाला नुसता टेकवत बसून राहिली.